पुन्हा विचारू

कर्वेनगरच्या एका सोसायटीत एक निवृत्त आजोबा राहत. त्यांचा नातू आमच्या अभ्यासात होता, म्हणून वर्षातून एकदा मी त्यांच्या दाराची बेल वाजवत असे. आजोबा दार उघडत, मला चपलेपासून चष्म्यापर्यंत बघत आणि म्हणत, "आलात? तो मीटरवाला रीडिंग घेऊन गेला की निदान बिल तरी येतं. तुमचं बिल नाही, दुरुस्ती नाही. नुसतं रीडिंग."

"आजोबा, दुरुस्ती करणारे डॉक्टर वेगळे असतात."

"हो का? मग त्यांना कधी पाठवताय?"

हे वाक्य मी पुढे कितीतरी व्याख्यानांत वापरलं. लोक हसत, सभागृह सैल होई, मग मी मुद्द्यावर येई. त्या वाक्यात टोमणा होता आणि तो मला होता, हे मात्र मी सोयीने विसरून गेलो होतो.

माझं काम थोडक्यात सांगतो, कारण लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांना ते अजून समजलेलं नाही. ते विचारतात, "सांगा बघू, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" मी म्हणतो, "जेवणाची पंगत कधी बसणार." हे बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण मी मन ओळखणारा नाही आणि औषध देणारा डॉक्टरही नाही. मी मानसशास्त्रातला संशोधक. नैराश्यासारखे मनःस्थितीचे विकार माणसात कसे वाढत जातात, याचा अभ्यास करण्यात माझं आयुष्य गेलं.

हा आजार तापासारखा एका दिवसात चढत नाही. तो घरात येतो तो चपला बाहेर काढून, आवाज न करता, आणि कोपऱ्यातली खुर्ची घेऊन बसतो. तो कधी आला हे घरच्यांना नंतर आठवत नाही. कुणी म्हणतं दहावीनंतर, कुणी म्हणतं आजी गेल्यापासून. म्हणून त्याला येताना बघायचं असेल, तर तो यायच्या आधीपासून दारात उभं राहावं लागतं. आम्ही तेच केलं. आई किंवा वडिलांना हा आजार झालेला आहे, अशी घरं शोधली. तिथली बारा-तेरा वर्षांची मुलं निवडली आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्या मागे राहिलो. यातल्या बहुतेक मुलांना पुढे काहीही होत नाही. ही या कामातली सगळ्यात चांगली बातमी आहे, आणि ती मला कुणीही कधी विचारलेली नाही.

कामाचे नियम कडक होते. प्रश्न दर वेळी त्याच शब्दांत विचारायचा. उत्तर कसंही आलं तरी चेहरा कोरा ठेवायचा. मुलं फार चतुर असतात. दुःखी उत्तरावर तुम्ही मान जरा जास्त हलवली, की पुढच्या वर्षी ती तुमच्यासाठी आणखी दुःखी उत्तर तयार ठेवतात. सल्ला द्यायचा नाही. मूल रडलं तर पाणी द्यायचं, थांबायचं, आणि मग तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा. धोका दिसला तर मात्र लगेच डॉक्टरांकडे पाठवायचं, तिथे ढिलाई नाही. नव्या मुलामुलींना मी हे शिकवत असे. कोरा चेहरा कसा ठेवायचा, हे आरशासमोर बसवून शिकवलंय. माझा स्वतःचा चेहरा या बाबतीत आमच्या संस्थेत नावाजलेला होता.

माझ्या बायकोने एकदा म्हटलं होतं, "तू मला 'काय झालं' विचारतोस ना, तेव्हा मला सांगावंसं वाटत नाही. तू लिहून घेतोयस असं वाटतं." मुलीच्या शिक्षणाच्या निमित्ताने ती बंगळुरूला गेली. मुलीचं शिक्षण संपलं, नोकरी लागली, निमित्त उरलं नाही. बायको परत आली नाही. भांडण असं काही नाही. फोनवर आम्ही एकमेकांशी फार सभ्यपणे बोलतो.

आता वानखडेंच्या घराबद्दल. नावं बदलली आहेत, आणि त्यांना विचारून लिहितो आहे. वानखडेताई म्हणाल्या, "लिहा जी. फक्त मी रडली असं लिहू नका. मी रडली नव्हती." खरंच, त्या रडल्या नव्हत्या.

हे कुटुंब वाशीमकडचं. वानखडे नगर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. वाघोलीत दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. सुमेध हा एकुलता एक मुलगा. तो लहान असताना ताईंना नैराश्याचा मोठा आजार होऊन गेला होता, उपचार चालू होते, म्हणून हे घर आमच्या यादीत आलं. आमच्या नोंदींमध्ये ताईंसाठी एक रकाना होता. त्यात 'आईला आजार : होय' अशी एक खूण केली, की ताईंचं काम संपलं. पुढचे सगळे प्रश्न सुमेधला.

तेरा वर्षांचा सुमेध माझ्यासमोर खाली मान घालून बसला होता. "शाळेतून घरी आल्यावर तुला कसं वाटतं?" हा आमचा प्रश्न. तो म्हणाला, "ते जिन्यातच कळतं."

"म्हणजे?"

"भांड्यांचा आवाज आला तर आई बरी आहे. नाही आला तर मग मी बूट हातात घेऊन आत जातो."

आत ताई चहा टाकत होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. मी चेहरा कोरा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. त्या उत्तराने मला आनंद झाला होता, हे इथे सांगायला हवं. संशोधकाला असं उत्तर मिळालं की मधाचं पोळं सापडल्यासारखं होतं. हा मुलगा आईच्या मनाचं हवामान ओळखून जगतो आहे, म्हणजे याच्यावर लक्ष ठेवायला हवं. जिच्या हवामानाविषयी तो बोलत होता, ती चार पावलांवर होती. तिच्यावरही लक्ष ठेवायला हवं, असं काही माझ्या मनात आलं नाही.

ताई चहा आणत आणि दाराशी उभ्या राहत. एकदा प्रश्नोत्तरं संपल्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुमी उदास वाटते का इचारता, रडू येते का इचारता. करमत नाई, हे कुठं लिहिता?"

मी म्हणालो, "तसा वेगळा रकाना नाही."

"मंग आमच्याकडचे लोक कुठं बसवता तुमी?" एवढं बोलून त्या कप घेऊन आत गेल्या.

प्रश्न रास्त होता. आमची प्रश्नावली बाहेरच्या भाषेतून आलेली, आम्ही तिचं शुद्ध मराठी केलेलं. आणि माणसं म्हणतात करमत नाही, जीव रमत नाही, कशातच मन लागत नाही. मी संस्थेच्या बैठकीत हा मुद्दा मांडला. शब्द बदलले तर आधीच्या वर्षांशी तुलना करता येणार नाही, असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होतो.

अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही नवी पद्धत आणली. वर्षातून एकदा विचारलेलं माणसाला नीट आठवत नाही. म्हणून दिवसातून तीनदा मेसेज पाठवायचा : 'आत्ता, या क्षणी, मन कसं आहे? एक ते सात.' एक म्हणजे अगदी वाईट, सात म्हणजे उत्तम. त्यासाठी सगळ्यांना एक साधा फोन दिला. उत्तर आलं की आपोआप एक ओळ जाई : 'धन्यवाद. पुन्हा विचारू.' ती ओळ माझी. एक सहकारी म्हणत होती, 'आपला दिवस आनंदात जावो' असं लिहू या. मी विरोध केला. आपण शुभेच्छा द्यायच्या नाहीत. शुभेच्छांनी उत्तर हलतं. 'पुन्हा विचारू' ही ओळ कोरी आहे, ती कुणाला उचलत नाही आणि पाडत नाही. तेव्हा मला या ओळीचा अभिमान वाटला होता.

अशा मेसेजांना काही लोक रोज, तिन्ही वेळा, पाच हाच आकडा पाठवतात. पाऊस असो, परीक्षा असो, घरात मयत असो, पाच. फार चांगलं म्हटलं तर खोटं वाटेल, वाईट म्हटलं तर कुणीतरी फोन करेल. त्यापेक्षा पाच बरा. आम्ही त्यांना आपसात 'पाचवाले' म्हणायचो आणि त्यांची माहिती बाजूला काढायचो. हे मी एकदा ताईंनाही गमतीने सांगितलं होतं.

सुमेध पाचवाला नव्हता. त्याच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तो कॉलेजात होता. ते गेल्यानंतर वर्षभराने हा टप्पा सुरू झाला. त्याने सही केली, फोन घेतला, आणि उत्तरं येऊ लागली. एकही चुकायचं नाही. सुरुवातीला पाच, साडेचार अशी सरासरी होती. मग काही महिने चार. मग हळूहळू, एखादं भांडं थेंबाथेंबाने गळावं तसं, तीन. इतक्या बारकाईने, इतक्या नियमितपणे माणूस खाली जाताना मी कधी बघितला नव्हता. हीच ती गोष्ट, जिच्यासाठी आम्ही एवढी वर्षं दारात उभे होतो.

वार्षिक भेटीला गेलो तेव्हा सुमेध घरी नव्हता. ताई म्हणाल्या, "ड्यूटीवर हाये जी. नवी नोकरी, सुट्टी देत नाईत." ज्याची उत्तरं येताहेत तो आमच्या दृष्टीने हरवलेला नसतो. मी चहा घेतला आणि निघालो.

पुढे सरासरी दोनच्या जवळ आली. नियमाप्रमाणे अशा वेळी फोन करायचा असतो. मी केला. त्या फोनवर ताई आल्या.

"सुमेध आहे का?"

"ड्यूटीवर गेला जी. फोन घरीच इसरला."

"त्याचं मन कसं आहे आजकाल? जेवतो ना? झोपतो?"

"बरा हाये जी. जेवते, झोपते."

"लक्ष ठेवा त्याच्यावर. आणि डॉक्टरांकडे न्यायचं झालं तर मला सांगा."

"व्हय जी."

फोन घरी विसरला असेल, तर सकाळचं आणि दुपारचं उत्तर दिलं कुणी, हे मला सुचलं नाही. मी मुलाची चौकशी करण्यात गर्क होतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी खराडीतल्या एका आयटी कंपनीने मानसिक आरोग्यावर व्याख्यानाला बोलावलं. अशा ठिकाणी पुष्पगुच्छाऐवजी रोपटं देतात. मनुष्यबळ विभागाच्या मॅडम आधीच म्हणाल्या होत्या, "सर, प्लीज थोडं लाइट ठेवा हं, लंचनंतरचा स्लॉट आहे." मी मीटरवाल्या आजोबांपासून सुरुवात केली. मग पडद्यावर ती रेघ दाखवली. नाव नाही, गाव नाही, वय नाही. फक्त दीड वर्षात डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी लाल रेघ. म्हटलं, "बघा, कुठेही मोठा खड्डा नाही. या माणसाच्या शेजारी बसणाऱ्यालाही कळलं नसेल. असा येतो हा आजार."

कार्यक्रम संपल्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण पुढे आला. दाढी राखलेली, अंगाने भरलेला. मला ओळखायला क्षणभर लागला.

"सर, तुम्ही इथे! भारी वाटलं. मी इथेच सपोर्टला आहे."

सुमेध. मी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं. तो हसत होता.

"सर, ती लाल रेघ कुणाची होती? म्हणजे, सांगता येत नसेल तर ठीक आहे. पण बघून कसंतरीच झालं. सगळे शांत झाले ना एकदम."

तुझीच, हे मी त्याला सांगू शकत नव्हतो. हळू आवाजात म्हणालो, "आता कसा आहेस? मधले काही महिने जरा जड गेले ना?"

"मधले? नाही सर, उलट मधे तर मस्त चाललं होतं. कन्फर्म झालो, टीम बदलली. चंदननगरला मित्रांसोबत रूम घेतलीय."

"पण तुझ्या मेसेजांवरून…"

"कुठले मेसेज?" त्याच्या कपाळावर आठी पडली. "ते तर मी सोडलं ना? फोन मिळाला त्याच आठवड्यात घरातून निघालो, तेव्हाच तो आईकडे दिला, म्हटलं सर आले की परत दे. दिला नाही तिने?"

आजूबाजूला लोक समोसे खात होते. पडद्यावर ती रेघ अजून तशीच होती. कुणी प्रोजेक्टर बंद केला नव्हता. सुमेधने माझ्या नजरेचा माग काढत मागे वळून पडद्याकडे पाहिलं. लहानपणी जिन्यात उभा राहून ऐकायचा तसा काही क्षण उभा राहिला.

"सर," तो म्हणाला, "ती आईची आहे?"

माझा चेहरा कोरा राहिला नाही, हे मला जाणवलं.

"पण तुम्ही जाता ना घरी?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तो चढला असता तर बरं झालं असतं. "बाबा गेल्यावर मला तिथे राहवेना सर. दिवसभर तिचा चेहरा बघायचा, मग आपलाही तसाच होतो. म्हणून निघालो. पण मनात होतं, सर येतात. सर बघतात. तुमचंच काम आहे ना ते?"

त्याची शिफ्ट होती. मी एकटाच वाघोलीला निघालो. रोपटं रिक्षात विसरलो.

जिन्यात थांबून मी ऐकलं. काही आवाज येत नव्हता.

ताईंनी दार उघडलं. त्या खूप वाळल्या होत्या. आमचा फोन फ्रिजवर, विणलेल्या रुमालावर ठेवलेला होता, चार्जिंगला लावलेला. मी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे.

"भेटला वाटते पोट्टा," त्या म्हणाल्या.

"ताई, उत्तरं तुम्ही देत होता?"

"मंग कोन देईल?" पदर सावरून त्या खाली बसल्या. "रागावता काय जी? तुमचं काम बिघडलं असंन."

"रागावलो नाही. पण त्याचं मन कसं आहे, हे तुम्हाला कसं कळत होतं?"

"पयले पयले त्याचाच इचार करून टाकत होती. आता उठला असंन, डबा नाई, भूक लागली असंन, मंग चार. संध्याकाळी दोस्तांसंगं असंन, मंग सहा. माय तं दिवसभर हेच करते जी. तुमी इचारलं म्हणून नंबर टाकला. नंतर नंतर तो कसा असंन ते डोळ्यापुढं येईना. मंग जसं येईल तसं टाकलं."

"फोन परत का नाही दिला?"

"दिला असता तं तुमी आले असते?"

नियमाप्रमाणे मी आलो नसतो.

"आन मंग तो मेसेज बी आला नसता. पुन्हा इचारू. असं कोन म्हणते जी कोनाले? सुमेधचे बाबा होते तं म्हणत, संध्याकाळी इचारतो. गोळ्या बी तेच आनत, दवाखान्यात तेच नेत. ते गेले, ते बी गेलं."

म्हणजे औषधं तेव्हापासून बंद होती. मी बॅगेतून प्रश्नावली काढणार होतो. मग तशीच राहू दिली, पाठच होती. "ताई, मी तुम्हाला काही विचारू? गेल्या दोन आठवड्यांत…"

त्या चक्क हसल्या. "मले पाठ हाये जी ते. सैपाकघरातून ऐकत होती नं इतके वर्षं. झोप : येत नाई. भूक : नाई. कशात मन लागते का : नाई. बोटं हलवाले बी जड जाते का : व्हय. आता शेवटचा राहिला. तो नका इचारू."

शेवटचा प्रश्न जगण्याविषयीचा आहे. मी तो विचारला, त्याच शब्दांत. कोरा चेहरा ठेवायचा प्रयत्न केला नाही.

त्यांनी फ्रिजवरच्या त्या फोनकडे बघितलं. "सकाळी मेसेज येते," त्या म्हणाल्या. "उत्तर द्यायचं राहते. म्हणून उठते."

मी कामाला लागलो तेव्हापासून एक गोष्ट मानत आलो होतो : आपण फक्त बघतो, आपल्या बघण्याने काही हलत नाही. इथे एक बाई त्या न हलवणाऱ्या मेसेजला धरून उभी होती. आणि उत्तर देणारी व्यक्ती अभ्यासातली नाही हे कळल्यावर मेसेज त्याच दिवशी बंद करायचे, असा नियम होता. तो मीच लिहिला होता.

मी आधी डॉक्टरबाईंना फोन लावला. जुन्या परिचयाच्या होत्या, लगेच आणा म्हणाल्या. मग सुमेधला. तो एवढंच म्हणाला, "निघतो." तो येईपर्यंत मी तिथेच बसलो. ताई चहा टाकायला उठल्या, मी म्हटलं मी करतो. साखर कुठल्या डब्यात आहे हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं.

सुमेध आला. दारात बूट काढताना त्याचे हात बुटावरच थांबले, मग त्याने ते आवाज करून खाली टाकले. ताई म्हणाल्या, "किती जाडा झाला रे." तो म्हणाला, "चल, दवाखान्यात जायचंय." त्या उठल्या. साडी बदलून आल्या.

संस्थेत मी सगळं खरं सांगितलं. ती रेघ मुलाची नाही, आईची आहे. तिच्यावर लिहीत असलेला शोधनिबंध मी मागे घेतो आहे. एका तरुण सहकाऱ्याने विचारलं, "सर, मग ही रेघ ठेवायची कुठे?" आम्ही शोधलं. खरंच जागा नव्हती. आईसाठी एकच खूण होती, ती केव्हाच करून झाली होती. आईचा आजार आम्ही मुलाच्या आजाराचं कारण म्हणून लिहिला होता. कारणाची तब्येत कशी आहे, हे कुणी विचारत नाही.

एक विनंती मात्र मी केली. अभ्यासाचा टप्पा संपायला थोडे दिवस होते. तेवढे दिवस त्या एका फोनवर मेसेज चालू राहू द्यावेत. उत्तरं कुठेही नोंदली जाणार नाहीत. विनंती मान्य झाली, बहुधा माझा चेहरा बघून. टप्पा संपला त्या दिवशी मी वाघोलीला जाऊन फोन परत घेतला आणि ताईंच्या स्वतःच्या फोनमध्ये माझा नंबर घातला. संशोधकाने हे करू नये. मी करून टाकलं.

ताईंना आता बरं आहे, पूर्ण नाही. गोळ्या चालू आहेत. सुमेध अजून चंदननगरलाच राहतो. परत राहायला ये असं त्याला कुणी म्हटलेलं नाही, आणि मला वाटतं तेच बरोबर आहे. रविवारी तो घरी जातो. एका रविवारी त्याचा फोन आला, मागे काहीतरी खणखणत होतं. "सर, जिन्यात उभा आहे," तो म्हणाला. "भांडी वाजताहेत." आणि त्याने फोन ठेवला.

आमचा अभ्यास संपला. कपाटं रिकामी झाली. कर्वेनगरचे ते आजोबा आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या दारावरून गेलो, बेल वाजवायला कारण नव्हतं. मी जवळच राहतो. संध्याकाळी स्वयंपाकघरात एकट्यापुरता भात लावतो, आणि कधी लक्षात येतं की सकाळपासून मी कुणाशी बोललेलो नाही. अशा वेळी मनात प्रश्नावली चालू होते. मी स्वतःला उत्तरं देत नाही. विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नसतं, ही सवय फार जुनी आहे.

ताई रोज संध्याकाळी मला एक आकडा पाठवतात. चार. कधी तीन, एकदा सहा. खाली लिहितात, 'तुमचं?' मी लगेच लिहितो, पाच.

परवाही लिहिलं, पाच. नेहमी तिथेच संपतं. परवा लगेच दुसरा मेसेज आला. 'सर, रोज पाच? तुमीच सांगितलं होतं अशा लोकायचं. खोटं बोलता काय जी?'

कुकरची शिट्टी झाली. मी उठून गॅस बंद केला आणि परत येऊन बसलो. लिहिलं, 'दोन.' मग वाटलं, एवढ्याने भागणार नाही. खाली लिहिलं, 'करमत नाही.'

त्यांना लिहायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. मग फोन वाजला.

'धन्यवाद जी. उद्या पुन्हा इचारीन.'